आला म्हणणारा माणूस

"अरे बस, बस! आता काय पोहायचंय का त्यात?"

मामा दारातून ओरडले तेव्हा फ्लास्कमधलं पाणी भडक गुलाबी होऊन गेलं होतं, आणि तरीही त्या मुलाचा डावा हात ब्युरेटच्या तोटीवर तसाच होता. थेंबामागून थेंब पडत होता. मुलाने दचकून तोटी बंद केली. आधी फ्लास्ककडे पाहिलं, मग शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे, आणि मग मामांकडे.

"आला का रंग?" त्याने हळूच विचारलं.

प्रयोगशाळेत खसखस पिकली. "थेंब्या, डोळे घरी विसरलास का?" असं मागून कुणीतरी म्हणालंही. वर्गात त्याला थेंब्या म्हणत, कारण बाकीच्यांचे तीन प्रयोग होईपर्यंत याचा एक व्हायचा आणि तोही थेंबाथेंबाने. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी फ्लास्क उचलला, मोरीत ओतला आणि म्हणाले, "सगळं आवरल्यावर थांब जरा. मला भांडी धुवायला माणूस पाहिजे."

मामा म्हणजे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले प्रयोगशाळा सहायक. विद्यार्थ्यांचे मामा, प्राध्यापकांचेही मामा, आणि विभागप्रमुख मॅडम याच विभागात शिकल्या असल्यामुळे त्यांचेसुद्धा मामाच. नोकरीला एकोणतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला चौदा महिने उरले होते. या एकोणतीस वर्षांत त्यांनी एक पद कमावलं होतं, जे कुठल्या नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं. ब्युरेट नावाची ती काचेची लांब नळी असते, तिच्या तोटीतून खालच्या फ्लास्कमध्ये एकेक थेंब सोडायचा असतो. अमुक एका थेंबाला स्वच्छ पाणी अगदी फिकट गुलाबी होतं. इतकं फिकट, की आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. तिथेच थांबायचं. एक थेंब अलीकडे थांबलात तरी उत्तर चुकलं, दोन थेंब पलीकडे गेलात तरी चुकलं. आणि रंग आला की नाही यावर वाद झाला, की या विभागात वर्षानुवर्षं एकच रीत होती: मामांना विचारा. मामा यायचे, मान तिरपी करून फ्लास्ककडे बघायचे आणि एकच शब्द बोलायचे. "आला." किंवा "नाही अजून." बाहेरून आलेले परीक्षकही त्यावर अपील करत नसत.

रसायनांच्या प्रत्येक बाटलीवर एक चिठ्ठी असायची. तारीख, 'तपासले' हा शब्द आणि खाली मामांची सही. 

या पदाइतकीच मामांची दुसरी गोष्ट प्रसिद्ध होती, ती म्हणजे चौकशीची खोड. कुणाचं कुणाशी बिनसलं, कोण उपाशीपोटी आलंय, कोणत्या सरांनी नवे बूट घेतले आणि ते चावतात की नाही, हे सगळं मामांना लागायचं. त्यात खवचटपणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

तर सगळे गेल्यावर थेंब्या बाह्या वर करून मोरीपाशी उभा राहिला. मामांनी त्याच्या हातात ब्रश दिला आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"आज शेजारीण आली नाही, म्हणून फसलास ना?"

थेंब्याच्या हातातला फ्लास्क निसटता निसटता राहिला.

"दोन वर्षं बघतोय तुला," मामा म्हणाले. "तू फ्लास्ककडे बघतच नाहीस. तिच्या हाताकडे बघतोस. तिने तोटी बंद केली की तिच्या ब्युरेटवरचा आकडा बघतोस आणि तिथेच बंद करतोस. दोघांना एकाच बाटलीतलं पाणी, म्हणजे उत्तर एकच. शाबास आहे तुझी. पण का?"

हे आपल्या लक्षात कसं आलं, ते मामांनी त्याला सांगितलं नाही.

थेंब्या बराच वेळ फ्लास्क घासत राहिला. मग म्हणाला, "मला लाल आणि हिरवं कळत नाही, मामा. जन्मापासून. गडद असलं तर अंदाज येतो. हे फिकट गुलाबी तर पाणीच दिसतं मला."

झालं. मामांनी स्टूल ओढलं. भांडी तशीच राहिली.

"म्हणजे टोमॅटो पिकला की नाही, कसं कळतं तुला?"

"दाबून."

"आणि सिग्नल?"

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की जायचं."

"आणि सर लाल पेनाने शेरे मारतात ते?"

"सर रागावलेत हे मला वाचल्यावर कळतं. बाकीच्यांना लांबूनच कळतं म्हणतात."

मामांना हसू आवरेना. थेंब्याही हसला. "आईला वाटतं, मी मुद्दाम दोन रंगांचे मोजे घालतो," तो म्हणाला. मग ब्रश खाली ठेवून त्याने उलट विचारलं, "मामा, तुम्ही तर यातले उस्ताद. मला एक सांगा. गुलाबी म्हणजे कसं असतं?"

"गुलाबी म्हणजे..." मामांनी हात वर केला, तो तसाच हवेत राहिला. "गुलाबी म्हणजे गुलाबी रे. आता ते कसं सांगायचं?"

"तेच तर," थेंब्या म्हणाला. "मलाही माझं सांगता येत नाही."

एवढ्यावर हसून विषय मिटला असता, पण मिटण्यासारखा नव्हता. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर आली होती. तिथे प्रत्येकाला चिठ्ठी उचलून वेगळी बाटली मिळायची, टेबलंही लांब लांब असायची. शेजारणीच्या हाताचा काही उपयोग नव्हता. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे अख्ख्या वर्षात नापास, मग लेखी परीक्षेत पहिला का येईना. आणि लेखीत हा मुलगा पहिलाच यायचा. त्याला पुढे हाच विषय शिकायचा होता.

"अर्ज कर," मामा म्हणाले. "विद्यार्थी कल्याणच्या खिडकीवर सवलतीचा अर्ज मिळतो. कुणाला लिहायला माणूस देतात, कुणाला खालच्या मजल्यावर बसवतात."

"मला लाज वाटते. मी आंधळा थोडाच आहे?"

"मग नापास हो. त्यात लाज नाही वाटणार?"

त्या संध्याकाळी मामा घरी गेले ते 'गुलाबी म्हणजे काय' हा प्रश्न डोक्यात घेऊनच. बायको शिलाई मशीनवर होती. ती घरीच लोकांचे कपडे शिवायची. मामांनी तिलाच विचारलं. तिने तोंडातली टाचणी काढली. "आज काय ते नवीन?" म्हणाली, आणि पुन्हा मशीन चालवायला लागली. तिच्यासमोर दोऱ्यांची रिळं ओळीने मांडलेली होती. पूर्वी कापडाचा तुकडा घेऊन त्याला जुळणारा दोरा आणायचं काम मामांचं होतं. दुकानदार पाच रिळं काढायचा आणि मामा नेमकं एक उचलायचे. गेल्या वर्षीपासून ती स्वतःच जायला लागली होती. का, ते ती बोलली नव्हती. आणि जगाची चौकशी करणाऱ्या मामांनी ही एक चौकशी कधी केली नव्हती.

खिडकीवर थेंब्याबरोबर मामा स्वतः गेले. एक तर मुलगा वाटेतून परत फिरेल अशी भीती होती, आणि दुसरं म्हणजे तिथे काय होतं ते त्यांना बघायचं होतं.

खिडकीतल्या कारकुनांनी डॉक्टरांचा दाखला वाचला, अर्ज वाचला, पुन्हा दाखला वाचला.

"नजर उत्तम लिहिली आहे की तुझी."

"हो, साहेब."

"मग अर्ज कशाला?"

थेंब्याने सांगितलं. कारकून भले गृहस्थ होते, पण त्यांच्यासमोरच्या छापील अर्जावर चौकोन होते आणि प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या चौकोनात बसतो असा त्यांचा अनुभव होता.

"लेखनिक देऊ?"

"लिहिता येतं मला."

"तळमजल्यावरची खोली?"

"प्रयोगशाळा तळमजल्यावरच आहे."

"मग जादा वेळ घे बाबा. तासाला वीस मिनिटं मिळतात. सगळे घेतात."

"साहेब, वीस मिनिटं टक लावून बघत बसलो, तरी तो रंग मला दिसणार नाही."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर आता तेच आलं होतं, जे परवा मोरीपाशी मामांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी शेजारचा लाल शाईचा शिक्का एका कागदावर उमटवला आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला.

"हा कसा दिसतो तुला?"

"गोल," थेंब्या म्हणाला.

मामांनी तोंडावर हात धरला. कारकुनांनी अर्ज उलटा केला. पाठीमागे कोरी जागा होती. "इथे तुझ्या शब्दांत लिही, काय अडतं आणि काय दिलं म्हणजे चालेल," ते म्हणाले. "चौकोनात बसत नाहीस तर बसत नाहीस. समिती बघेल काय ते."

समितीने आठ दिवसांत उत्तर पाठवलं. परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्याजवळ रंग सांगणारी एक व्यक्ती उभी राहील, तिची नेमणूक विभागाने करावी. मॅडमनी ते पत्र मामांच्या पुढ्यात धरलं. त्या खुशीत होत्या.

"यात विचार करायचं कारणच नाही. तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?"

"बरं," मामा म्हणाले. थेंब्याने आनंदाने त्यांचा हात धरला. तो हात गार पडला होता.

परीक्षेला बारा दिवस राहिले असताना मॅडमनी रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. त्यांनी स्वतः एक बाटली तयार केली. उत्तर फक्त त्यांना माहीत होतं. थेंब्या टेबलाशी, त्याच्या उजव्या हाताला मामा. पांढऱ्या फरशीवर फ्लास्क. थेंब पडायला लागले. थेंब्या फ्लास्क हलवत होता आणि कान मामांकडे लावून होता. मामा मान तिरपी करून बघत होते. थेंब पडत होते. मामा अजून थोडे वाकले. खिडकीकडे पाहून त्यांनी डोळे चोळले आणि पुन्हा वाकले.

"आला," ते म्हणाले.

थेंब्याने तोटी बंद केली. मॅडम चालत आल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फ्लास्कमध्ये फिकट काही नव्हतं. त्यांनी आकडा वाचला. "अरे, दहा थेंब पुढे गेलास. मामांनी सांगितल्यावर लगेच थांबायचं ना?"

मामांनी तोंड उघडलं. त्याआधीच थेंब्या म्हणाला, "सॉरी मॅडम. मामा वेळेवर म्हणाले. माझीच तोटी घट्ट आहे, बंद व्हायला वेळ लागला."

"तेल लावून घे," असं म्हणून मॅडम पुढच्या तासाला गेल्या.

दोघेच राहिले. मामांनी फ्लास्क मोरीत ओतला आणि नळ नुसताच सोडून ठेवला.

"खोटं का बोललास?"

"तुम्ही माझी शेजारीण कुणाला सांगितली नव्हतीत," थेंब्या म्हणाला. मग थोडं थांबून, "मामा, कधीपासून?"

"दीड वर्ष." मामा स्टुलावर बसले. "आधी वाटलं, चष्म्याची काच खराब झाली असेल. धुक्यासारखं येतं बघ. गडद रंग दिसतात. फिकट असतं ते पाण्यातच राहतं."

"मोतीबिंदू असेल. साधं ऑपरेशन असतं."

"माझ्या थोरल्या भावाचंही साधंच होतं. त्याचा तो डोळा गेला." मामांनी नळ बंद केला. "आणि दुसरं सांगू? मी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो की इथे कळणार. मग मला कुठे बसवतील? जावक टपाल नोंदवायला? इथे सगळे मला विचारतात रे. गेली एकोणतीस वर्षं."

"मग बाटल्या कशा तपासता?"

"आकडे पाठ आहेत. कुठली बाटली किती थेंबांना यायला पाहिजे, ते हाताला माहीत आहे. तिथे थांबतो आणि आला म्हणतो." ते थेंब्याकडे न बघता बोलत होते. "म्हणून तर तू मला कळलास. मी दीड वर्ष तेच करतोय. तुझी शेजारीण होती, माझी सवय."

थेंब्याची शेवटची आशा या माणसावर होती, आणि हा माणूस त्याच्यासारखाच निघाला होता. खरं तर त्याने हताश व्हायला हवं होतं. पण तो म्हणाला, "मामा, तुम्हाला आता ते कसं दिसतं? पाणी आणि गुलाबी यांत काहीच फरक नाही? की अगदी थोडा आहे?"

खोड संसर्गजन्य असावी. या प्रश्नाने मामाही सरळ बसले.

"थोडा असेल. पण धरता येत नाही. तुला?"

"मलाही तसंच. काहीतरी बदलतं, पण काय ते कळत नाही. कुणीतरी तेवढंच मोठं करून दाखवायला पाहिजे."

मामा उठले. भिंतीतल्या जुन्या कपाटाचं कुलूप त्यांनी काढलं. आत मोडीत निघालेली यंत्रं होती, धूळ खात पडलेली. त्यातल्या एका काळ्या लोखंडी पेटीसारख्या यंत्रामागून त्यांनी एक लाकडी डबी ओढून काढली.

"मी नोकरीला लागलो तेव्हा हे यंत्र नवीन होतं," ते म्हणाले. "पाण्याचा रंग किती गडद आहे ते मोजायचं. यात काचा घालायचं काम माझं. तेव्हाचे मोठे सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे. लाल पाण्याला हिरवी काच, पिवळ्याला निळी. मी विचारलं, असं उलटं का? तर म्हणाले, गुलाबी पाणी नेमका हिरवा उजेड गिळतं. हिरव्या काचेतून बघ, म्हणजे ते तुला काळं दिसेल. इतक्या वर्षांत कधी कामाला आलं नाही ते."

डबीत काडेपेटीएवढ्या सहा काचा होत्या. कोपऱ्यात आकडे कोरलेले होते, त्यामुळे कुणी रंग ओळखण्याची गरज नव्हती. मामांनी हवी ती काढली, सदऱ्याला पुसली आणि डोळ्याशी धरली.

"सोड थेंब."

थेंब्याने पुन्हा सगळं मांडलं. थेंब पडायला लागले. मामा काचेतून बघत होते. एका थेंबाला त्यांना फ्लास्कमध्ये एकदम सावली पडल्यासारखी दिसली. हिरव्या पाण्यात करडं काहीतरी फिरलं, आणि थेंब्याने फ्लास्क हलवल्यावरही ते गेलं नाही.

"थांब!" ते म्हणाले. "आकडा बघ."

थेंब्याने आकडा वाचला. तालमीपेक्षा दहा थेंब कमी.

"आण इकडे," थेंब्या जवळजवळ हिसकावतच म्हणाला. त्याने फ्लास्क धुतला, नवं पाणी घेतलं, एका हाताने काच डोळ्याशी धरली आणि दुसऱ्याने तोटी सोडली. फ्लास्क हलवायला मामा बसले. आता मामांना काही दिसत नव्हतं. ते मुलाच्या तोंडाकडे बघत होते. बराच वेळ गेला. मग मुलाने तोटी बंद केली.

"आला," तो म्हणाला. आणि मग मोठ्याने, "मामा, आला! आला हो!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने हा शब्द कुणाच्या आधी उच्चारला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी आकडा वाचला. तोच होता. त्यांनाही भरून आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी थेंब्याने नवा अर्ज लिहिला. रंग सांगणारी व्यक्ती नको, एक हिरवी काच वापरण्याची परवानगी द्यावी. खिडकीतल्या कारकुनांनी आधी काच मागून घेतली, तीतून आपला शिक्का पाहिला, टेबलावरची फुलदाणी पाहिली, शेजारच्या कारकुनाचा सदरा पाहिला आणि नाइलाजाने परत केली. "विभागप्रमुखांची शिफारस आण," ते म्हणाले. "समितीने एकदा दिलेलं बदलायचं, तर कारण लागतं."

आणि मॅडमपाशी घोडं अडलं.

"कल्पना छान आहे," अर्ज वाचून त्या म्हणाल्या. "पण मी शिफारस कशी करू? आपल्याकडे मामा आहेत. अख्ख्या विद्यापीठात रंगाची अशी नजर नाही. ते असताना मोडक्या यंत्रातली काच कशाला? उद्या परीक्षकाने हरकत घेतली तर तुझंच नुकसान. मामांच्या शब्दावर कुणी हरकत घेणार नाही."

"मला स्वतःच्या हाताने करायचंय, मॅडम," थेंब्या म्हणाला.

"हट्ट म्हणून ठीक आहे. पण समिती म्हणेल, दिलेली सोय चांगली असताना हा का नाकारतोय? कारण काय लिहू मी?"

थेंब्या मॅडमच्या हातातल्या अर्जाकडे बघत राहिला. मामा दाराशी उभे होते. मुलाने एकदाही त्यांच्याकडे मान वळवली नाही. वळवणार नव्हता, हे मामांना कळत होतं. तो तसाच परत जाईल, परीक्षेला मामांना शेजारी उभं करेल, ते म्हणतील तेव्हा तोटी बंद करेल आणि नापास होईल. विचारलं तर म्हणेल, तोटी घट्ट होती. एकोणतीस वर्षं जपलेलं नाव त्या मुलाच्या वाटेत उभं होतं, आणि ते तिथून फक्त एकाच माणसाला हलवता येणार होतं.

"मॅडम," मामा म्हणाले, "कारण लिहा, की रंग सांगणाऱ्याला रंग दिसत नाही."

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"तालमीत त्याची चूक नव्हती," मामा म्हणाले. "मीच उशिरा बोललो."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

मॅडमनी सावकाश अर्ज टेबलावर ठेवला. "म्हणजे बाटल्यांवरच्या सह्या..."

"हो."

त्या काही रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं. विद्यार्थिनी असताना याच माणसाच्या 'आला'वर त्यांनी पहिला नंबर काढला होता. त्यांनी पेन उचललं, शिफारस लिहिली आणि सही केली. मग मामांकडे बघून त्या म्हणाल्या, "परीक्षा झाली की डोळे दाखवायचे. हा अर्ज नाही, मामा. हुकूम आहे."

त्या आठवड्यात दोन प्राध्यापकांनी मिळून सगळ्या बाटल्या पुन्हा तपासल्या. एकशे बारांपैकी सात चुकीच्या निघाल्या. चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. जुन्या चिठ्ठ्या मामांनी स्वतःच ओल्या फडक्याने काढल्या, कारण काच खरवडली जाऊ नये म्हणून आधी भिजवाव्या लागतात, हे बाकी कुणाला माहीत नव्हतं. घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं हो. तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते." आणि दवाखान्यात मी बरोबर येणार, हेही तिने सांगून टाकलं.

परीक्षेच्या दिवशी मामांना आत काम नव्हतं. त्यांच्याकडे आता भांडाराच्या किल्ल्या होत्या. तरीही वेळ झाल्यावर ते आपलं स्टूल घेऊन प्रयोगशाळेच्या बंद दाराबाहेर आले. दाराला वर काचेची चौकट होती. तीतून थेंब्याचं टेबल दिसायचं, तिसरं, खिडकीलगतचं.

आत बाहेरचे परीक्षक फिरत होते. थेंब्याच्या टेबलाशी ते थांबले. समितीचं पत्र त्यांनी वाचलं, हिरवी काच उचलून उजेडात धरली, डोळ्याला लावून खिडकीबाहेर पाहिलं. चांगली दोन मिनिटं पाहत राहिले. मामांना त्या गृहस्थांविषयी आपुलकी वाटली. मग काच त्यांनी परत दिली आणि ते पुढे सरकले.

थेंब्याने काच एका डोळ्याशी धरली. दुसरा हात तोटीवर गेला. फ्लास्क हलवायला तिसरा हात नव्हता, म्हणून तो दर थोड्या थेंबांनी थांबायचा, काच ठेवायचा, फ्लास्क हलवायचा, पुन्हा काच उचलायचा. बाकीचे आवरून निघाले तरी त्याचं चालूच होतं. कुणीतरी हसून गेलं. त्याने मान वर केली नाही.

मामा चौकटीला नाक लावून उभे होते. फ्लास्क त्यांना दिसत होता, त्यातलं पाणीही दिसत होतं. ते गुलाबी झालं होतं की नव्हतं, ते त्यांना सांगता आलं नसतं. म्हणून त्यांनी फ्लास्ककडे बघायचं सोडून दिलं आणि त्या मुलाच्या हाताकडे बघायला लागले.

हात तोटीवर होता. एक थेंब. पुन्हा एक. मग हात थांबला, बोटं वळली आणि तोटी बंद झाली.

"आला," मामा बाहेरच्या बाहेर म्हणाले, आणि स्टूल उचलून भांडाराकडे निघाले.